एकावर वळू चालतो

माझ्या पणजोबांचा थोरला भाऊ राघो खोंड बडवायचा. नात्याने तो मला आजोबांच्या वरचा, पण मी त्याला अहोजाहो करणार नाही. का, ते पुढे कळेल.

टिटवाळ्यापलीकडे काळू नदीच्या अंगाला आमचं गाव. आजूबाजूच्या दहा-बारा गावांत हे काम त्याच्याच हातचं. नांगराला माजाचा खोंड चालत नाही. त्याला दोरांनी आडवा पाडायचा, अंडाच्या वरची शीर दोन लाकडी पट्ट्यांत धरायची आणि मोगरीने ठोकायची. आधी एका बाजूची, मग दुसऱ्या बाजूची. महिन्या-दोन महिन्यांत सगळं सुकतं आणि खोंडाचा बैल होतो. राघोचा हात एवढा हलका की त्याच्या हातचं जनावर कधी दगावलं नाही, असं लोक सांगत.

एकोणीस वर्षांचा असताना एका खोंडाने त्याला जांघेत लाथ मारली. १८७० च्या आसपासची ही गोष्ट. एका बाजूला सूज आली, पू झाला आणि पुढे ती बाजू वाळून गेली. त्याच्या बापाने, तोही हेच काम करणारा, हाताने चाचपून निकाल दिला, "दुसरं शाबूत हाय. एकावर वळू चालतो." धंद्यातली ही जुनी म्हण. एका बाजूने अधू झालेला वळूही गाई फळवतो, हे या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं होतं. पुढच्याच साली राघोचं लग्न लागलं. बायको कोलशेतची, नाव ठमाबाई.

सात वर्षं मूल नाही. या सात वर्षांत ठमाबाईने काय काय केलं असेल ते सांगत बसत नाही. नवस, अंगारे, झाडपाला, उपास, सगळं तिनेच. राघोने काही केलं नाही. धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या पणजोबांना, धाकूला, तोवर दोन मुलगे झाले होते. शेवटी जातीचे पंच बसले. खोट कुणाची, एवढंच ठरवायचं होतं. एका म्हाताऱ्या पंचाने राघोला लागलेल्या लाथेची आठवण काढली. तेव्हा राघो उठला, शपथेचा बेलभंडार उचलला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मी जनावरांतला जानता हाय. एकावर वळू चालतो. माझ्यात खोट नाय." झालं! काडी मोडून सोडचिठ्ठी झाली आणि ठमाबाई भावाबरोबर कोलशेतला परत गेली. वर्षाच्या आत राघोने दुसरी बायको केली, तुळसा.

मला या माणसाचा राग येतो, तो इथे. खोटं बोलला म्हणून नव्हे. तो खोटं बोललाच नव्हता. त्याला जे येत होतं त्याच्यावर त्याचा एवढा भरवसा होता, की स्वतःबद्दल शंका घ्यायची त्याला गरजच वाटली नाही.

तुळसालाही मूल झालं नाही. पंधरा वर्षं गेली. "तिसरी बघा," असं लोक बोलू लागले होते. तेवढ्यात दौलत पाटलांच्या चांद्याचं प्रकरण निघालं.

चांद्या उमदा खोंड. राघोने त्याची एक बाजू ठोकली आणि पाटील धावत आले, "थांब, थांब! याला वळू ठेवायचा." राघो हसून म्हणाला, "ठेवा की. एकावर वळू चालतो." त्या बाजूला पू झाला, मग ती वाळली. चांद्या वाढला, माजला, गाईंवर जाऊ लागला. दोन वर्षांत पाटलांच्या चौदा गाई उलटल्या, म्हणजे फिरून माजावर आल्या, एकही गाभण राहिली नाही. वैतागून पाटलांनी राघोला बोलावलं, "बडव याला पुरता. नांगराला तरी येईल."

राघोने चांद्याला पाडला आणि शाबूत बाजूवर हात ठेवला. तिथे मोगरी कधी लागलीच नव्हती. पण हाताला लागली एक बारीक, टणक गोटी, सुपारीएवढी. राघोने हात काढून घेतला. ती टणक गोटी त्याच्या ओळखीची होती. रोज अंघोळ करताना ती त्याच्या हाताला लागत होती, कित्येक वर्षं.

मी डोंबिवलीच्या एका लॅबमध्ये तीस वर्षं पुरुषांचे नमुने तपासले. त्यामुळे राघोचं काय झालं असावं याचा अंदाज मला करता येतो. पुरुषाचं बीज तयार होतं ते वयात आल्यावर. तोवर रक्तातल्या पहारेकऱ्यांनी आपलं कोण आणि परकं कोण हे ठरवून टाकलेलं असतं. त्यांच्या लेखी हे नवं बीज परकंच. म्हणून शरीर त्याच्याभोवती कुंपण घालतं, आणि कुंपणापाशी या पहारेकऱ्यांना गप्प बसवून ठेवतं. मार लागून, पू होऊन ते कुंपण फुटलं, की कधीकधी पहारेकरी उठतात, आपल्याच बीजाला चोर समजतात आणि धडधाकट दुसऱ्या बाजूवरही चालून जातात. दरवेळी असं होत नाही. बहुतेकांची दुसरी बाजू चांगली राहते, म्हणून ती म्हण खोटीही नव्हती. ती फक्त राघोच्या कामाची नव्हती. आणि हो, आजही नवरा लॅबमध्ये येतो तो बायकोच्या सगळ्या तपासण्या संपल्यावरच.

त्या दिवशी राघो मोगरी तिथेच टाकून घरी आला आणि तुळसाला सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग म्हणाली, "मना सांगून काय? जिला घालवलीत तिला सांगा." हे सगळं तुळसानेच म्हातारपणी माझ्या आजीला सांगितलं, म्हणून मला ठाऊक.

राघोने पंच बोलावले, पुन्हा बेलभंडार उचलला आणि आपली शपथ मागे घेतली. लोक हसले. "बैलाचं माणसाला लावतोय," म्हणाले. पण तुळसाला सवत आणायचं बोलणं त्या दिवसापासून बंद झालं. राघोला आता एकच हवं होतं. ठमाबाईच्या कपाळावरचा वांझपणाचा डाग त्याला पुसायचा होता.

राघो आणि तुळसा दोघं कल्याणच्या बंदरावर आली आणि ओहोटीबरोबर कोलशेतकडे निघालेल्या मचव्यात बसली. मचवा काळुराम नावाच्या माणसाचा. कुणाकडे जाता, म्हणून त्याने विचारलं. ठमाबाईचं नाव ऐकून त्याने राघोला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग एवढंच म्हणाला, "जपून बोला तिच्याशी. बाय लई सोसून हाय."

ठमाबाई मिठागरावर होती. पाय मिठाने चिरलेले, केस पिकलेले. भावाच्या घरात कुणाची ओटी भरायची असली, बारसं असलं, की ती न सांगता मिठागरावर निघून यायची. राघोने खाली मान घालून सगळं सांगितलं; लाथ, चांद्या, सुपारीएवढी गोटी, सगळं. "खोट तुझ्यात नव्हती. माझ्यात व्हती. तुझ्या भावाला सांगतो, इथल्या पंचांना सांगतो."

ठमाबाईने डोक्यावरची टोपली खाली ठेवली.

"तुमी जनावरांतले जानते," ती म्हणाली. "तुमी बेलभंडार उचललात, मंग मीपन मानलं. इथं आले तवा काळुरामनं मना दोनदा मागनं घातलं. पाट लावू म्हनाला. त्याची पयली बाळंतपनात गेलेली, पोर पन गेलं. पोरांची लई आस त्याला. मना तो नको नव्हता. पन मी नको म्हनले. वांझ बाईनं त्याचं घर कशाला बुडवायचं?"

तुळसाने तोंडाला पदर लावला.

"भावाला सांगा," ठमाबाई म्हणाली. "पंचांना सांगा. पन काळुरामला नका सांगू. त्याला आता चार पोरं हायत. बायको बरी हाय. त्याला कळून काय व्हनार?" आणि टोपली उचलून ती पुन्हा कामाला लागली.

राघोने भावाला सांगितलं, कोलशेतच्या पंचांना सांगितलं. पुढच्या महिन्यात भाचीची ओटी भरली तेव्हा ठमाबाईला बोलावणं आलं. ती गेली नाही, असं नंतर कळलं. सवय राहिली नव्हती म्हणे.

त्या खेपेला परतताना भरतीची वेळ साधून दोघं पुन्हा काळुरामच्या मचव्यात बसली. मुंब्र्याचा डोंगर मागे पडला. मग काळुरामने वल्हं थांबवून विचारलं, "काय बोललात तिच्याशी?"

राघोने त्याच्याकडे पाहिलं.

"काय नाय," तो म्हणाला. "खुशाली इचारली."