अलार्मनंतर सरकणारा आकडा

आमच्या शॉपमध्ये एक समजूत पक्की होती. अलार्म आला म्हणजे मशीन मेलं, आता खुशाल दार उघडा आणि हात घाला. शिरूरजवळच्या एमआयडीसीत मी मेंटेनन्स बघते. ही समजूत किती जणांच्या हातांना शिवून गेली असेल, याचा विचार मी त्या सकाळपर्यंत केला नव्हता.

दसरा होऊन गेला होता. खंडेनवमीला पुजलेल्या मशिनींवरचे झेंडूचे हार वाळून करकरीत झाले होते. कोपऱ्यातल्या व्हीएमसीच्या, म्हणजे धातू कोरणाऱ्या मशीनच्या, दाराभोवती लावलेली रंगीत लायटिंग मात्र अजून चालू होती. दिवाळीपर्यंत राहू द्या, असं सगळ्यांचं म्हणणं. नेमका त्याच मशीनला अलार्म येत होता. कापायचं हत्यार जिथं फिरतं ते स्पिंडलचं जड हेड वरखाली करणाऱ्या सर्व्हो मोटरवर, म्हणजे झेड ॲक्सिसवर, ओव्हरलोड. आधी क्वचित, मग रोज, मग सारखा. रिसेट दाबलं की मशीन चालायचं, त्यामुळे बातमी माझ्यापर्यंत उशिरा आली.

त्या मशीनचे ऑपरेटर खुटबावचे, माझ्याहून वयानं मोठे. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही. मी पोचले तेव्हा अलार्म नुकताच आला होता. मामा दार उघडून, हेडखाली हात घालून टेबलावरचा लोखंडाचा कीस पुसत होते.

"मामा, कधीपासून येतोय हा?"

"दसऱ्यापास्नं. नारळ टेबलावर फोडू दिला न्हाई तुम्ही, बाहेर धाडलं. रुसलंय ते."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि नजर स्क्रीनवर गेली. अलार्म आल्यावर झेडचा आकडा जागेवर थांबायला हवा. तो सरकत होता. अगदी हळू, पण खाली.

"मामा, हात बाहेर घ्या."

"ब्रेक हाय की मॅडम. एवढं पुसून—"

"हात बाहेर."

त्यांनी घेतला. अलार्म आला की मोटर चालवणारा ड्राइव्ह तिला सोडून देतो. मग ते म्हशीएवढं वजन मोटरमधल्या ब्रेकच्या भरवशावर लटकतं. आकडा सरकतोय म्हणजे ब्रेक धरत नव्हता. दसऱ्यापासून मामांचा हात रोज त्याच्याखाली जात होता.

पॅकिंगमधून लाकडाचा जाड ठोकळा आणवला आणि झाडूच्या दांड्यानं हेडखाली सरकवला. मगच पॅनेल उघडलं.

"मोटरच गेलीय, नवी मागवा," आमचा इलेक्ट्रिशियन म्हणाला. तरतरीत माणूस, पण घाई फार.

"ओव्हरलोड म्हणजे मोटरला जास्त ओढावं लागतंय. कुणाच्या विरुद्ध, ते आधी बघू."

स्क्रू, ग्रीस, गाइड, सगळं नीट होतं. इलेक्ट्रिशियननं रिसेट दाबलं. मोटर जागी झाली आणि त्याच क्षणी दाराभोवतीची लायटिंग मंद झाली.

"परत बंद करा. परत चालू."

परत मंद. मी ब्रेकच्या वायरवर मीटर लावला. चोवीस व्होल्ट हवे होते, एकोणीस होते.

"लायटिंगला वीज कुठून घेतलीय?"

"पॅनेलमधनंच घेतली, चोवीस व्होल्टवरनं," इलेक्ट्रिशियन म्हणाला. "एक वायर लोंबत असंल तर दाखवा."

काम खरंच नीटनेटकं होतं. फक्त ब्रेक उघडायला लागणारी वीज तिथूनच जात होती; पुरती वीज मिळाली तरच तो सुटतो, नाही तर धरून बसतो. लायटिंगनं तिच्यात वाटा घेतला, ब्रेक अर्धाच उघडायला लागला आणि मोटर घासणाऱ्या ब्रेकसकट हेड ओढत राहिली. म्हणून ओव्हरलोड. घासून घासून ब्रेक झिजला, म्हणून तो सरकणारा आकडा.

लायटिंग काढली. मशीन रिकामं चालवून बघितलं, अलार्म आला नाही.

"गेला बघा," मामा म्हणाले. "जॉब लावू का? दिवाळीच्या आत हा लॉट जायचाय, साहेब डोकं खातील."

"नाही."

"अलार्म न्हाई, काय न्हाई, आता कशाला थांबायचं?"

समजावत बसण्यापेक्षा दाखवलेलं बरं. हेड ठोकळ्यापासून चार बोटं वर उचललं. स्पिंडलला धक्का बसू नये म्हणून तेवढंच. सगळ्यांना मागं घेतलं आणि मोटरची वीज तोडणारं इमर्जन्सीचं बटण दाबलं.

सकाळी ते सरकत होतं. या वेळी सरळ पडलं; ब्रेकची उरलीसुरली पकडही गेली होती. धप्प आवाज झाला आणि ठोकळ्यात खड्डा पडला. शेजारच्या मशीनवरचे दोघं वळून बघू लागले.

मामा वाकून त्या खड्ड्याकडं बघत राहिले. हातातलं फडकं त्यांनी खिशात कोंबलं.

इलेक्ट्रिशियन लायटिंग गुंडाळत होता. "ही घरी लावू का मॅडम?"

"लावा. घरी ब्रेक नाही."

ब्रेक मोटरमध्येच बसवलेला, म्हणून नवी मोटर येईपर्यंत मशीन बंद ठेवलं. साहेबांचं बोलणं मी ऐकून घेतलं. लॉट शेजारच्या मशीनवर गेला, मामाही गेले. दुपारी तिथं अलार्म आला. काही विशेष नव्हतं, तेल कमी झालं होतं. पण मामांनी दार उघडलं नाही. अख्खं शॉप ओलांडून माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले,

"मॅडम, तो ठोकळा कुठं ठेवलाय?"