अर्धे पोळे

पावसाळी हवेने फुगलेला कपाटाचा खण आज काही केल्या सरकेना, म्हणून त्याच्या कडेवर मधमाश्यांच्या मेणाचा खडा घासला. घासता घासता त्यातून वास सुटला: किंचित गोड, किंचित धुरकट, वाळलेले फूल आणि जुने लाकूड एकाच श्वासात हुंगावे तसा. खण सरकला, मी मात्र तिथेच जमिनीवर बसून राहिले. गंधाला दार ठोठावणे माहीत नसते.

बोरगाव मेघेला मी भाड्याच्या घरात राहत होते, तेव्हाची ही गोष्ट. शेजारी निवृत्त विज्ञानशिक्षक आणि त्यांची पत्नी असे दोघेच राहत. मी त्यांना काका-काकू म्हणे. आमच्या दोन अंगणांमध्ये छातीइतक्या उंचीची भिंत होती आणि भिंतीपलीकडे, शेवग्याच्या विरळ सावलीत, सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या चार लाकडी पेट्या. माघात शेवगा फुले, मग गावाबाहेरच्या वाफ्यांतली बियाण्यासाठी राखलेली कोथिंबीर, आणि चैत्रात कडुनिंब. हा फुलांचा क्रम मी पंचांगात पाहिला नाही. भिंतीवरून येणाऱ्या गुणगुणीच्या चढउतारावरून तो मला कळू लागला.

काकांचा एक नेम होता. पेटीतल्या पोळ्यांच्या मधाने भरलेल्या चौकटी यंत्रात घालून फिरवायच्या, मध गाळून घ्यायचा आणि पोळे अभंग ठेवून माश्यांना परत द्यायचे. तरुणपणी एका प्रशिक्षणात शिकलेला हा धडा त्यांनी व्रतासारखा पाळला होता. त्या मधाला ते ‘अहिंसक’ म्हणत, आणि तो शब्द उच्चारताना त्यांची पाठ नकळत ताठ होई.

काकू हिंगणीच्या. माहेरचा भाजीपाल्याचा मळा जंगलाला लागून होता, आणि वडील उन्हाळ्यात कधीतरी फांदीसकट पोळे घरी आणीत. मध ही त्यांच्या लेखी चावून खायची वस्तू होती. बाटलीतल्या मधाविषयी त्या मला एकदा म्हणाल्या, “शिशीतला मध म्हंजे दुसऱ्यानं वाचून दाखवलेली चिठ्ठी. मजकूर सारा समजते, पण आपल्या हातानं फोडल्याची गंमत नाई.” कवितेच्या वर्गात इतकी वर्षे बसूनही मला असे वाक्य सुचले नव्हते.

एका दुपारी काका बाहेर गेले असता काकूंनी एका चौकटीतला बोटभर तुकडा चोरून कापला. त्यांना माहीत नव्हते की काकांच्या प्रत्येक पोळ्यातून, यंत्रात फिरताना ते तुटू नये म्हणून, बारीक तार गेलेली असते. तार दाताच्या फटीत अडकली. संध्याकाळी काकांनीच ती चिमट्याने काढली, आणि भिंतीपलीकडचा संवाद मला ऐकावाच लागला.

“मागतला असता त वाटीभर मध देल्ला नसता काय तुले?”

“मले मध नाई पाह्यजे जी. मले पोळं पाह्यजे.”

“अवं, महिना महिना खपून बांधते थ्या. तुह्या एका घासासाठी त्याईचं घर फोडू?”

“तुमी घर फोडत नाई, तिजोरीच रिकामी करता. मोठे साधू आले.”

मग काकूंनी एका पेटीची मागणी केली, आणि एक अट घालून ती मान्य झाली. काकांचे म्हणणे असे की सातेरी माशी मानी असते. पोळे कापले की ती पेटी सोडून जाते. काकूंनी खुशाल कापावे, पण माश्या गेल्या तर पेटी काकांना परत करायची आणि या घरात पोळ्याचा विषय पुन्हा काढायचा नाही. वरवर विनोदी वाटणाऱ्या या करारात काकूंनी आपले सबंध माहेर पणाला लावले आहे, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसले.

शेवग्याच्या अंगाची चौथी पेटी त्यांची झाली. तिच्या वरच्या खणात त्यांनी बिनतारेची चौकट ठेवली, वरच्या पट्टीला मेणाची नुसती बारीक रेघ लावली. तेवढ्या रेघेवरून माश्यांनी खाली खाली पोळे बांधत नेले. कडुनिंबाच्या बहराअखेर ते पूर्ण भरले: दुधाच्या सायीसारख्या पांढऱ्या मेणाच्या झाकणांचे, हातात घेतले तर उगीच अपराधी वाटावे इतके कोवळे.

गोवरीचा थोडा धूर देऊन काकूंनी चौकट वर काढली आणि सुरीने पोळ्याचा बरोबर अर्धा भाग कापून घेतला. उरलेला अर्धा होता तसा पेटीत ठेवला. “बाबा सांगे, अर्धं त्याईचं,” एवढेच त्या म्हणाल्या. काका दारात उभे होते. त्यांनी ना अडवले, ना मदत केली. स्टीलच्या ताटलीतला एक तुकडा माझ्या वाट्याला आला. दातांखाली झाकणे फुटल्याचा अगदी बारीक आवाज आला, मग कोमट गोडी, तिच्या तळाशी निंबाचा पुसट कडवटपणा, आणि शेवटी जिभेवर उरलेला मेणाचा मऊ चोथा. काकांनी ताटलीला हात लावला नाही.

पुढचे दिवस काकू सकाळचा चहा पेटीसमोर बसून घेत. वैशाख तापू लागला होता. पेटीवर त्या ओले पोते टाकीत, पाण्याच्या परातीत माश्यांना टेकायला काड्या तरंगत ठेवीत, आणि ये-जा करणाऱ्या माश्यांकडे परीक्षेच्या निकालाकडे पाहावे तसे पाहत. पंधराव्या दिवशी पेटीच्या तोंडाशी कुणीच नव्हते.

दोघांनी मिळून पेटीचे झाकण उघडले. मी भिंतीशी उभी होते. काकूंनी ते ठेवलेले अर्धे पोळे बाहेर काढून उजेडात धरले. घरन् घर उघडलेले, आतून पुसून घेतल्यासारखे स्वच्छ. मधाचा थेंब नव्हता. निघण्यापूर्वी माश्यांनी तो सारा पोटात भरून घेतला होता. काका जिंकले होते. ते काही बोलतील म्हणून मी वाट पाहिली, पण बोलल्या त्या काकूच.

“उपाशी नाई गेल्या.”

काकांनी ते पोळे हातात घेऊन दोन्ही बाजूंनी नीट पाहिले. “शिदोरी झाली त्याईले,” ते म्हणाले. अटीप्रमाणे पेटी परत गेली आणि विषयही संपला. मात्र उरलेल्या तीन पेट्यांतला मध काढताना काकांनी प्रत्येकीतल्या दोन भरल्या चौकटी यंत्राकडे न नेता तशाच आत ठेवल्या.

त्या माश्या सुरीमुळे गेल्या की उन्हामुळे, हे मला आजही ठाऊक नाही, आणि त्या दोघांनाही ते कधी कळले असेल असे वाटत नाही. त्यानंतर मी ते घर सोडले. त्या तुकड्याची चव आता आठवू पाहते तर शब्द आधी येतात आणि चव मागे राहते. दिसत राहते ते उन्हात धरलेले ते कोरडे अर्धे पोळे, आणि त्याच्या शेकडो रिकाम्या घरांतून आरपार आलेल्या उजेडात, एकमेकांकडे न बघता शेजारी शेजारी उभे असलेले दोघे.