मंडळाने पुरं केलेलं चित्र

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. ज्या शाळेत शिकलो तिथे चित्रकलेच्या तासाला गणिताचे सर यायचे, तरी त्या शाळेबद्दल मी कधी वाईट बोललो नाही. इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या मराठी मंडळाबद्दलही बोलणार नव्हतो. इथल्या पहिल्या हिवाळ्यात मला जाड जॅकेट दिलं ते मंडळातल्याच एका काकांनी. ते मी विसरलेलो नाही. पण म्हणून माझ्या चित्रावर त्यांनी ब्रश चालवावा, हे मला मान्य नाही.

पोटासाठी मी सॉफ्टवेअरचं काम करतो. उरलेल्या वेळात उघड्यावर उभा राहून तैलरंगात निसर्ग आणि माणसं रंगवतो. बारकावे काढत नाही. ऊन कुठे पडलंय, सावलीचा रंग कोणता, एवढंच तुटक फटकाऱ्यांनी लावत जातो. गेल्या हिवाळ्यात आई आली होती, तेव्हा गोठलेल्या तळ्याकाठच्या बाकावर तिला बसवलं. साडीवर कोट, कानाला मफलर. थंडीत वीस मिनिटांच्या वर ना तिला बसवत असे, ना माझा घट्ट झालेला रंग हलत असे. अशा अकरा सकाळी गेल्या.

"बर्फ निळा कशाला काढतोस रे?" तिने एकदा विचारलं.

"बघ ना नीट."

ती बराच वेळ बघत राहिली. "सावलीत निळाच आहे की," म्हणाली. माझी आई चौथी शिकलेली आहे.

बर्फावरून परतणारं ऊन तोंडावर यायचं, म्हणून ती डोळे बारीक करून बसायची. चित्रात भुवयांखाली दोन जांभळट छटा तेवढ्या होत्या. गावातल्या आर्ट सेंटरच्या प्रदर्शनासाठी ते चित्र निवडलं गेलं. माझं पहिलंच. सोमवारी नेऊन द्यायचं होतं. शनिवारी मंडळाची संक्रांत. जॅकेटवाल्या काकांचा फोन आला, "दोन तास स्टेजवर ठेवू. लोकांना कळू दे, आपल्यातही आर्टिस्ट आहे!" मला बरं वाटलं. शुक्रवारीच चित्र काकांकडे देऊन आलो.

शनिवारी हॉलमध्ये शिरलो तर स्टेजवरून एक बाई माझ्याकडे टक लावून बघत होती. टपोरे काळे डोळे, एकेक पापणी रेखलेली. नाकात नथ, जी आईकडे कधीच नव्हती. काका दर वर्षी मंडळाच्या गणपतीचे डोळे रेखतात. हात मी लगेच ओळखला.

"काका, हे काय केलंत?"

"अरे, अनफिनिश्ड होतं ना! डोळे राहिलेच होते. म्हटलं, तू बिझी असशील, कंप्लीट करून टाकू."

"फोन तरी करायचा!"

"सरप्राइज होतं, यार. आणि बिनडोळ्यांची बाई सणाला स्टेजवर बरी दिसते का?"

शेजारच्या काकू हसल्या. "आधी तुझी आई ओळखूच येत नव्हती रे. आता बघ कशी छान दिसतेय."

"सोमवारी प्रदर्शनात जायचंय हे."

"मग वेळेवर झालं की!" काकांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. "गोड बोल."

मी गोड बोललो नाही. माझं पूर्ण झालेलं काम त्यांनी नासवलं, हे सगळ्यांसमोर सांगितलं आणि कार्यक्रम चालू असताना चित्र उतरवून घरी घेऊन गेलो.

रविवारभर स्पिरिट आणि पातं घेऊन बसलो. काकांचा ॲक्रिलिक रंग निघाला, पण त्याच्याबरोबर गालावरचं ऊनही निघून आलं. खाली कोरा कॅनव्हास दिसायला लागला. सेंटरला चित्र येणार नसल्याचं कळवलं. मग आईला व्हिडिओ कॉल केला आणि खरवडण्याआधी काढलेला, काकांनी रेखलेल्या डोळ्यांसकटचा फोटो दाखवला.

"ही कोण?" आईने विचारलं.

मी सांगितलं. ती म्हणाली, "त्यांनी मला विचारायचं. तिथे एवढं ऊन होतं, डोळे उघडतील कसे?"

त्यानंतर मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं: चित्र पूर्ण होतं, काकांनी ते न विचारता बिघडवलं, त्यांनी इथेच माफी मागावी. कुणी हात जोडलेले इमोजी पाठवले. कुणी लिहिलं, "सोडून दे, मनाने चांगले आहेत ते." ते मनाने चांगले आहेत, हे माझ्याइतकं त्या ग्रुपवर कुणाला ठाऊक असेल? मेसेज काढून टाक, असं चौघांनी फोन करून सांगितलं. मी काढलेला नाही.