मुसळाच्या डोक्यावर चार कण

दामू भावजी गेल्याचा निरोप पोशीरहून आला, तेव्हा मी लोधिवलीला मुलाच्या अंगणात तांदूळ पाखडत होते. तेराव्याला चार शहाणे म्हणाले, मास्तर सज्जन, पण अळंबीचं वेड डोक्यात गेलं होतं. मी पदराआड गप्प बसले. आज महिना झाला, आता नाही बसायची.

वेड म्हणे. माझे हे धाकटे दीर शाळामास्तर. वनस्पतींचा नाद असलेल्या एका गोऱ्या साहेबानं त्यांना सूक्ष्मदर्शक यंत्र दिलं, अळंबीची चित्रं काढून पाठवायला. साहेबाचं मत असं, की छत्रीची अळंबी आणि चेंडूसारखं भुईफोड यांचं काही नातं नाही. भावजींना ते पटेना. पण पिकलेलं भुईफोड फोडावं, तर आत नुसती तपकिरी धूळ... पावसाळा सरत आला, नात्याची खूण सापडेना, हाती धूळच.

आणि तेव्हा विशीत असलेल्या मी दीडशहाणीनं काय करावं? त्यांनी पिकायला ठेवलेली कोवळी भुईफोडं कांदाखोबऱ्यात शिजवली.

"वहिनी, शिजवलीत?"

"मग काय पूजा करू? आत पांढरी हायेत तवरच खायची, काळी पडली की टाकायची. शाळंत एवढं शिकवत नाय का, भावजी?"

त्यांचा घास हातातच राहिला. तसेच उठून बांधावर गेले, एक पांढरं भुईफोड आणून वस्तऱ्यानं त्याच्या आतला पातळ पापुद्रा काढून यंत्राखाली ठेवला. मलाही बघायला लावलं. एकेक पेशी इवल्या मुसळासारखी, तिच्या डोक्यावर चार कण. छत्रीखालचा पापुद्रा ठेवला, तर तिथंही तेच मुसळ, तेच चार.

"पिकताना मुसळं विरून जातात, वहिनी. धूळ तेवढी उरते. ही एकाच मुळातून फुटलेली भावकी हाय."

"भावकी, आन् भांडत नाय?" मी म्हटलं. केवढी अक्कल माझी.

भावजींनी त्याचं चित्र काढून साहेबाला पाठवलं. दोन वर्षांनी साहेबाचं पुस्तक भेट आलं, त्यात तेच चित्र. रेघ न् रेघ भावजींची, चित्राखाली नाव साहेबाचं. भावजी कुठं? 'नमुने एका देशी मदतनिसाने गोळा केले.' मी म्हटलं, पत्र लिहा. ते म्हणाले, "नातं तर कळलं ना." मला साहेबाचा संताप आला, त्याहून या शांतपणाचा. मग मी पराक्रम केला तो एवढाच, की चार दिवस आमटी खारट केली. साहेबाला ती पोचली नसावी.

परवा पोशीरला गेले. त्यांच्या खोलीत फळीवर ते पुस्तक होतं. ते चित्राचं पान काढून भावजींचं नाव लिहायला मी बोरू उचलला.

"जाऊबाई, छापलेल्यावर लिवू नये," त्यांची बायको गोदा म्हणाली.

"मग छापलेलं नाव तूच खोड गं, तवर मी थांबते."

तिनं साहेबाच्या नावावर बोट टेकवलं... आणि दुसऱ्या हातानं दौतीचं झाकण काढलं.