शेवटी भुरभुरायचा मसाला

तिखट खाण्यात माझ्या मित्राच्या वडिलांचा हात धरेल असा माणूस अख्ख्या मिशिगनमध्ये नव्हता. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. मित्र आणि मी ॲन आर्बरला शिकत होतो, आणि काका नागपूरहून मुलाकडे राहायला आले होते. त्यांच्या कोटाच्या खिशात कॅमेऱ्याच्या रोलची डबी असे आणि डबीत लाल तिखट. पिझ्झावर, सूपवर, एकदा तर माझ्या प्रोफेसरबाईंनी आणलेल्या ॲपल पायवरही त्यांनी ते टाकलं. वर बाईंना आग्रह केला, आणि बाईंनी तो मानला, हे विशेष.

मग अल्सर निघाला. डॉक्टरांनी तिखट बंद केलं, काकांनी जेवणच. दहीभाताला ते ‘हॉस्पिटल’ म्हणत. पँट ढिली होऊ लागली, परतीचं तिकीट काढ म्हणून ते मुलाच्या मागे लागले. मित्र रडकुंडीला आला.

वरच्या मजल्यावर एक इथिओपियन मावशी राहत. त्या सिटी बस चालवत, आणि काका रोज त्यांच्याच बसने लायब्ररीत जात. काका वाळत चाललेत हे पाहून त्यांनी आम्हा तिघांना रविवारी जेवायला बोलावलं. मध्ये एकच मोठं ताट, त्यात आंबोळीसारखी मऊ, आंबूस भाकरी, वर कोंबडीचा बिनमिरचीचा पिवळा रस्सा. काकांचा चेहरा पडला. मावशींनी शेवटी वरून मेकेलेशा नावाचा मसाला चिमूटभर भुरभुरला. वास येताच काका पुढे झुकले आणि वेलची, लवंग, दालचिनी, पिंपळी अशी एकेक ओळख पटवू लागले. तेवढ्यात मावशींनी घास करून त्यांच्या तोंडाशी धरला. पाहुण्याला असा हातानं घास भरवायची त्यांच्याकडे रीतच. काका क्षणभर थिजले. मग त्यांनी तोंड उघडलं, आणि नंतर ताट पुसून खाल्लं.

जिना उतरताना ते मध्येच थांबले. “लहानपणी गावात आम्हाला भाकरी वरून टाकत. हाताला हात लागू नये म्हणून,” ते म्हणाले. “आज तिनं घास भरवला.” मित्रालाही हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

तिकिटाचा विषय मिटला. काका वर्षभर राहिले, अंगानं भरले, आणि आल्यागेल्याला बळेच घास भरवू लागले. पिझ्झा घेऊन येणाराही सुटला नाही. मी मात्र लाजून टाळायचो. शेवटी जायच्या दिवशी, विमानतळावर सगळ्यांदेखत, त्यांनी मला गाठलंच.

आज माझ्याकडे पाहुणे येतात, मी प्रेमानं वाढतो. घास भरवायचा धीर अजून होत नाही. होईल.