आस्टाला दिलेला हुकूम

२००२ च्या ऑगस्टमध्ये एल्ब नदीला मोठा पूर आला आणि आमच्या कंपनीला ट्रकमध्ये भरून नदीकाठच्या एका खेड्यात नेऊन उतरवलं. मी जर्मन सैन्यात सक्तीची नऊ महिन्यांची नोकरी करत होतो. हुद्दा गेफ्राइटर, म्हणजे साध्या शिपायापेक्षा एक पायरी वर. काम वाळूच्या गोण्या भरायचं. खांद्यावर रेडिओ.

पुण्याहून जर्मनीतल्या झिंडेलफिंगेन शहरात आलो तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. बाबा मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर. आम्ही जर्मन पासपोर्ट घेतले आणि काही दिवसांत सैन्याचं बोलावणं माझ्या नावाने आलं. आई बाबांना म्हणाली, "अहो, हौसेने घेतलात ना पासपोर्ट? आता पोरगा द्या." सैन्याऐवजी हॉस्पिटलात सेवा करून सुटता आलं असतं. पण "तू मूळचा कुठला?" या प्रश्नाला मी विटलो होतो. गणवेशातल्या माणसाला कोणी तसं विचारणार नाही, असा माझा समज होता. गणवेशातल्या माणसालाही विचारतात.

गाव आणि नदी यांच्यामध्ये मातीचा लांबच लांब बांध होता. त्याला तिथे डाइश म्हणतात. एरवी त्यावरचं गवत मेंढ्या चरतात आणि त्यांच्या खुरांनी माती दबून घट्ट होते. पाण्याने बांध भिजला की मात्र त्यांना खाली उतरवावं लागतं, नाहीतर तीच खुरं माती उकरतात. आम्ही पोचलो तेव्हा कळप बांधामागच्या कुरणात उतरवलेला होता.

कळप हेर, म्हणजे श्रीयुत, लॉरेन्झ यांचा. सत्तरी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. रोज सकाळी ते थर्मासभर कॉफी घेऊन बांधावर यायचे. त्यांची काळी कुत्री आस्टा तेवढ्या वेळात कळप सांभाळायची. "ब्लाइब," म्हणजे "थांब", एवढं एकदा सांगितलं की ते परत येईपर्यंत ती जागा सोडायची नाही आणि एकाही मेंढीला सोडू द्यायची नाही.

त्यांनीही विचारलंच, मूळचा कुठला. मी सांगितलं, माझे आजोबा माण तालुक्यात मेंढरं राखायचे. ही गोष्ट बाबा कारखान्यात कधी सांगत नसत. आजोबा दुसऱ्याच्या रानात रात्रभर मेंढरं बसवायचे, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचे, हे ऐकून म्हातारा पहिल्यांदा हसला. "आमच्याकडेही हेच होतं. मला वाटलं, जगात आम्हीच."

मग ते बोलू लागले. तो सगळा मुलूखच बाहेरून आलेल्यांचा. फार पूर्वी लांबून माणसं आणून वसवली. त्यांनी दलदल सुकवली, बांध घातले, मेंढ्या पाळल्या. लॉरेन्झ कुटुंब युद्धानंतर पूर्वेकडून निर्वासित म्हणून आलं. सरकारने जमिनीचा तुकडा दिला. पुढे सरकारनेच तो सामुदायिक शेतीत ओढला आणि हे स्वतःच्याच कुरणावर पगारी मेंढपाळ झाले. बर्लिनची भिंत पडली, सामुदायिक शेती मोडली, लोकरीला कोणी विचारेना. आजूबाजूचे कळप कत्तलखान्यात गेले. गावात मेंढ्या उरल्या त्या फक्त यांच्या.

"दोन राजवटी पाहिल्या," ते म्हणाले. "दोन्हींना मेंढ्या फक्त मोजता आल्या. राखता कोणाला आल्या नाहीत."

चौथ्या दिवशी सकाळी बांधाच्या आतल्या बाजूने पाणी झिरपायला लागलं. गाव रिकामं करायचा हुकूम आला. माणसांसाठी बस आणि मेंढ्यांसाठी आमचे ट्रक यायचे होते. बस आधी आली. तिच्यासोबत जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा पिवळ्या जाकिटातला एक माणूस होता.

"मी कळपाबरोबर येतो," हेर लॉरेन्झ म्हणाले. "माझ्याशिवाय त्या ट्रकमध्ये चढणार नाहीत."

"आधी माणसं, मग जनावरं. असा क्रम आहे."

"ट्रक येईपर्यंत थांबतो."

"क्रम आहे, हेर लॉरेन्झ. बाकीचं सैनिक बघतील. तुम्हाला नंतर परत आणू."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मग आस्टाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "ब्लाइब." आणि बसमध्ये चढले. परत आणू म्हणाले होते, त्यावर त्यांनी विश्वास ठेवला.

वीस मिनिटांनी ट्रक आले. आम्ही फळ्या लावल्या आणि कुरणात शिरलो. आस्टा कळपासमोर आडवी झाली. मेंढ्या कोपऱ्यात घट्ट जमल्या. आम्ही डावीकडून गेलो, ती डावीकडे. उजवीकडून गेलो, ती उजवीकडे. येन्स नावाचा माझा जोडीदार शेतकऱ्याचा मुलगा होता, तो दोरी घेऊन पुढे झाला. तिने त्याचा हात हाडापर्यंत फोडला. मी तिला नावाने हाका मारल्या. शेवटी आजोबांची हाळी घातली, जिभेने टाळूवर आवाज काढत. तिने कान टवकारले, क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कळपाकडे वळली.

मी रेडिओवर नियंत्रण कक्ष गाठला. आपलं बोलून झालं की 'कोमेन', म्हणजे 'आता तुम्ही बोला', म्हणायचं आणि संभाषण संपवायचं तर 'एंडे'. "मेंढपाळाला परत पाठवा. त्याच्याशिवाय कळप हलत नाही. कोमेन."

"हलवलेल्या व्यक्तींना परत आणता येत नाही. कोमेन."

"माणसं नेली ती जागा दहा मिनिटांवर आहे. एक जीप पाठवतो. कोमेन."

"क्रम बदलता येणार नाही. एंडे."

आमचा हाउप्टफेल्डवेबेल, म्हणजे सुभेदाराच्या तोडीचा माणूस, त्याने रेडिओ माझ्या हातातून ओढून घेतला. त्यालाही हेच उत्तर मिळालं. त्याने शिवी हासडली, ती मी इथे लिहीत नाही. थोड्याच वेळात आम्हालाही मागे हटायचा हुकूम आला. तो मात्र आम्ही लगेच पाळला.

उंच रस्त्यावर पोचलो आणि बांध फुटला. पाणी कुरणात हळूहळूच भरलं. त्याचंच जास्त वाईट वाटतं. काही मेंढ्या रस्त्याच्या दिशेने निघाल्या होत्या. आल्या असत्या. आस्टाने त्यांना वळवून पुन्हा कळपात घातलं. मग ती पोहत कळपाभोवती फिरत राहिली. पुढे ती दिसेनाशी झाली. येन्स फोडलेला हात छातीशी धरून रडत होता.

संध्याकाळी शाळेच्या व्यायामशाळेत हेर लॉरेन्झ खाटेवर बसले होते. पायात अजून गमबूट. मी सांगितलं. त्यांनी एकच विचारलं.

"आस्टा जागेवर होती?"

"होती. शेवटपर्यंत."

"हं. मी परत येणार होतो ना."

मला अजूनही राग येतो. पुराचा नाही. पाण्याला काय कळतं?

शरद ऋतूत आम्हाला पूरसेवेचं पदक मिळालं. भाषणात सांगितलं की आमच्या विभागात एकही जीव गेला नाही. टाळ्या झाल्या. हेर लॉरेन्झ यांना कोणी बोलावलं नव्हतं. शहरातल्या चौथ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत नोव्हेंबरमध्ये ते वारले. माती द्यायला मी आणि येन्स गेलो. बांध तोपर्यंत दुरुस्त झाला होता. त्यावरचं गवत यंत्राने कापत होते.

डिसेंबरमध्ये आमची तुकडी मोकळी झाली. निरोपाच्या जेवणात रीतीप्रमाणे शेवटचा पेला गेलेल्या सोबत्यांसाठी उचलायचा होता. आमच्या तुकडीत कोणी गेलं नव्हतं. हाउप्टफेल्डवेबेल पुढचं बोलायला लागला, तेवढ्यात येन्सने व्रणाच्या हाताने पेला उचलला.

"आस्टा," तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. हाउप्टफेल्डवेबेल टाचा जुळवून ताठ उभा राहिला. त्याच्यामागोमाग आम्ही सगळे. रेडिओवरचा तो माणूस तिथे नव्हता. असता, तर कुत्र्यासाठी उभं राहायचं कोणत्या नियमात आहे, असं त्याने विचारलं असतं.