कमरेची तपासणी आणि राष्ट्रपतींची निवडणूक

"राष्ट्रपती थेट जनतेनंच निवडला पाहिजे!" असं म्हणत गावंडे सर कमरेवर हात ठेवून आत आले. मागून बँकेतले इंगळे. दोघं बाहेर रांगेत भांडत होते, ते भांडण घेऊनच मेडिकल बोर्डासमोर आले.

अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात मी हाडांची डॉक्टर. इलेक्शन ड्युटी नको असलेल्या कर्मचाऱ्यांना आमचा बोर्ड तपासतो. आम्ही 'अनफिट' लिहिलं की ड्युटी सुटते. निवडणूक आली की जिल्ह्याचा मणका एकदम बिघडतो.

सर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतात. "आमदार-खासदारांनी मतं द्यायची, आन् जनतेनं टीव्ही पाहायचा. ही काय लोकशाही झाली?"

"आमदारांले आपणच निवडतो ना, सर? मंग पुन्हा काहून लाइन लावता?" इंगळे म्हणाले.

"लावा लाइन! आन् पोरायले दोन वर्षं राष्ट्रसेवा कंपल्सरी करा!"

"जबरदस्तीची कायची सेवा?"

मी सरांना टेबलावर झोपवलं आणि त्यांचा सरळ पाय वर उचलला. कमरेतली नस दबली असेल तर असा पाय उचलताना कळ खाली पोटरीपर्यंत जाते. मी जेमतेम वीतभर उचलला, तोच सर ओरडले, "माय वं!"

"उठून बसा. गुडघा बघते," मी म्हटलं. "पण सर, पोरं ऐकतील का ही सक्ती?"

"काहून नाही ऐकणार?" सर पुढे वाकून बोट नाचवू लागले. "देशासाठी थोडं अंग दुखलं तर दुखू द्या!"

तोवर गुडघ्याच्या निमित्तानं त्यांचा लोंबता पाय मी सरळ आडवा केला होता. तपासणी तीच, नसही तीच. खरं दुखणं असेल तर माणूस झटकन मागे रेलतो. सर बोलतच होते.

मी 'फिट' लिहिलं.

"मॅडम, हा अन्याय आहे!"

"सर, राष्ट्रपतींना जनतेनं निवडायचं ठरलं तर ही ड्युटी आणखी एकदा लागेल."

सरांनी नाचवलेलं बोट खाली घेतलं. "तसं पाहिलं तर," ते म्हणाले, "सध्याची पद्धतही काही वाईट नाही."

इंगळे सरळ बोलले. "मले काहीच झालं नाही, मॅडम. फक्त जायचं नाही."

बोर्डावरच्या फिजिशियननी सवयीनं त्यांचं बीपी घेतलं. मग पुन्हा घेतलं. दोन्ही वेळा आकडा धोक्याच्या वर होता. इंगळ्यांना तिथूनच वॉर्डात भरती केलं आणि त्यांच्या कागदावर 'अनफिट' लिहिलं. सर मूर्तिजापूरकडच्या बूथवर गेले.

ज्युनिअर डॉक्टरांना मी तेव्हापासून दोन गोष्टी सांगते. कंबर तपासताना माणसाला त्याच्या आवडीच्या विषयावर बोलतं करा. आणि जो म्हणतो मला काहीच झालं नाही, त्याला आधी तपासा.